विंडोज ११ टाकल्यापासून ग्राफिक्स ड्रायव्हर सारखा क्रॅश होतोय. नवं कार्ड घेऊ का?

मंडळी, दादरला माझं लग्नपत्रिका आणि फोटो अल्बम डिझाइनचं छोटं काम आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर आहे त्यावरच ११ टाकून घेतलं. तेव्हापासून फोटोशॉपमध्ये मोठी फाइल झूम केली की स्क्रीन काळी पडते, परत येते तोवर फोटोशॉप बंद झालेलं असतं. अधूनमधून निळी स्क्रीनही येते. नवीन ड्रायव्हर टाकून बघितला, फरक नाही. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात विचारलं, तर मशीन न बघताच "कार्ड गेलंय, बदला" म्हणाले. लग्नसराई तोंडावर आलीय. कार्ड बदलू की परत १० वर जाऊ?

प्रतिसाद १

ताई, कार्डाचे पैसे आत्ताच काढू नका. तुम्ही सांगताय ती लक्षणं ड्रायव्हरचीही असू शकतात.

आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बिघाडांची नोंदवही, उघडा. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. स्क्रीन काळी पडली त्या वेळेला ४१०१ क्रमांकाची नोंद दिसते का बघा. विंडोज ग्राफिक्स चिपला काम देते आणि मुळात २ सेकंद वाट बघते. तेवढ्यात चिपने उत्तर दिलं नाही, तर ड्रायव्हर रीसेट करते. रीसेट जमला की काळी स्क्रीन होऊन चित्र परत येतं आणि ही नोंद पडते. नाही जमला तर निळी स्क्रीन, त्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर'. निळ्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

आता सफाई. जुन्या विंडोजवरच ११ टाकलं की जुन्या ड्रायव्हरचे अवशेष राहू शकतात आणि त्यावर नवा ड्रायव्हर कितीही वेळा चढवला तरी घोळ सुटत नाही. कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा. डिझाइनच्या कामासाठी वेगळा ड्रायव्हर देत असतील तर तोच घ्या, गेमवाला नको. मग इंटरनेटची केबल काढा, वायफाय बंद करा, सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर चालू होतं तो मोड) जा आणि डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे जुना ड्रायव्हर मुळापासून काढणारा डीडीयू हा प्रोग्राम, चालवा. मशीन रीस्टार्ट झालं की उतरवलेला ड्रायव्हर टाका आणि त्यानंतरच नेट जोडा. नेट चालू राहिलं तर विंडोज अपडेट मधल्या वेळात स्वतःकडचा ड्रायव्हर बसवून मोकळं होतं, आणि सगळी मेहनत वाया.

सेफ मोडला हात लावण्याआधी दोन गोष्टी जवळ हव्यात: अकाउंटचा खरा पासवर्ड, कारण तिथे पिन कधी कधी चालत नाही; आणि डिस्क एन्क्रिप्ट असेल तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या त्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की, ती कागदावर लिहून. की नसेल तर स्वतःच्याच फाइल्सपुढे हात चोळत बसावं लागतं.

प्रतिसाद २

रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) टीडीआर डिले, म्हणजे चिपची वाट बघायची ती २ सेकंदांची मुदत, वाढवून १० सेकंद करा. माझ्याकडे क्रॅश थांबले.

प्रतिसाद १ (पुन्हा)

दादा, व्हिडिओ रेंडरसारखं खरंच जड काम चिपला वेळेत उरकत नसेल, तर तो उपाय बरोबर आहे. इथे नुसतं झूम केल्यावर चिप अडकतेय. मुदत वाढवली तर ताईंची स्क्रीन २ ऐवजी १० सेकंद गोठेल, एवढंच. आधी सफाई होऊ दे.

प्रतिसाद ३

परत १० वर जायचं म्हणत असाल, तर तो 'गो बॅक'चा पर्याय अपग्रेडनंतर साधारण १० दिवसच असतो. नंतर सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं. ऑर्डर अडल्या असतील तर फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सखाली 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर'ची टिक काढा. झूम जड जाईल, काही फिल्टर चालणार नाहीत, पण पत्रिका वेळेत छापायला जातील. आणि दर थोड्या वेळाने सेव्ह करत राहा, प्लीज.

धागाकर्ती

४१०१ सापडली, बऱ्याच आहेत! टिक काढलीय, काम सुरू झालं. सफाई रविवारी करेन. पण त्यानंतरही क्रॅश झालं, तर कार्डच गेलंय असं समजायचं का?

प्रतिसाद ४

लगेच नाही. मशीन सुरू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंग स्क्रीनवर, जा आणि स्क्रीन नीट बघा. तिथे विंडोजचा ड्रायव्हर चालूच झालेला नसतो. तिथेही रंगीत ठिपके किंवा आडव्या-उभ्या पट्ट्या दिसल्या, तर आधी केबल आणि मॉनिटर बदलून बघा. तरी दिसल्या तर संशय कार्डावर.

बायोस स्वच्छ दिसला तर मशीन बंद करून, प्लग काढून, कार्ड एकदा बाहेर काढा. आपल्याकडच्या दमट हवेत धूळ चिकट होऊन पंख्यावर आणि हीटसिंकवर बसते. ती मऊ ब्रशने काढा आणि कार्ड पुन्हा घट्ट बसवा. पॉवर सप्लायची केबलही पूर्ण आत गेलीय का बघा. पॉवर सप्लाय जुना असेल तर ओळखीच्या कोणाचा तरी लावून बघा, कारण जोर पडला की वीज कमी पडूनही हेच होतं आणि दोष कार्डावर येतो.

एवढं करूनही थांबलं नाही तर कार्ड लॅमिंग्टन रोडला न्या, पण आधी वॉरंटी शिल्लक आहे का बघा. दुकानदाराला म्हणा, माझ्यासमोर दुसऱ्या मशीनमध्ये लावून लोड देऊन दाखवा. जो दाखवायला तयार होईल, त्याच्याकडूनच नवं घ्या.