नागपूरच्या उन्हात बाहेरच्या जिन्याला काळं ग्रॅनाइट लावावं का?

मानेवाडाकर
घराचं काम प्लास्टरपर्यंत आलंय. ठेकेदाराचं म्हणणं, पोर्च आणि बाहेरचा जिना, सगळीकडे काळं पॉलिशचं ग्रॅनाइट टाकू, आयुष्यभर बघायला नको. माझा याला विरोध आहे. जुन्या घराच्या बाहेरच्या पायऱ्यांना हेच होतं. मे महिन्यात आई वाळवणाचं सूप घेऊन अनवाणी उतरायची, तर तिसऱ्या पायरीपर्यंत तळवे भाजायचे. शेवटी ती पायऱ्यांवर ओलं गोणपाट टाकायला लागली. आणि मृगाच्या पहिल्या सरीत त्याच पायरीवरून घसरली, मनगट मोडलं. दगड मजबूत आहे, मान्य. पण पारा ४५च्या वर जाणाऱ्या शहरात आरशासारखा काळा दगड उघड्यावर लावणं चूकच. खरखरीत कोटा लावावा, असं माझं मत.

साइट इंजिनिअर
आईंचं वाचून वाईट वाटलं. पण दोष दगडाचा नाही, पॉलिशचा आणि रंगाचा आहे. फिकं राखाडी ग्रॅनाइट फ्लेम फिनिशमध्ये घ्या. ज्योतीखाली त्यातलं क्वार्ट्झ एकदम फुगतं, वरचे कण तडकून उडतात आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. ओल्या पायालाही पकड मिळते. आपण एम-२० काँक्रीट वापरतो, त्याची दाबशक्ती २० मेगापास्कल. ग्रॅनाइटची साधारण १०० ते २५०. पाणी जेमतेम शोषतं. तंजावरचं बृहदीश्वर मंदिर १०१०च्या सुमारास पूर्ण झालं, तेही ग्रॅनाइटचंच. हजार वर्षांचं ऊन आणि पाऊस त्याने सोसलाय. कोटा हा चुनखडक. फरशीला अ‍ॅसिड मारायची सवय असेल, तर चार वर्षांत पांढुरका पडतो.

मानेवाडाकर
तंजावरला जाड घडीव दगड आहेत, माझ्याकडे १८ मिलिमीटरची पाटी येणार. तुलना पटली नाही. आपला झीरो माईलचा खांबही वालुकाश्माचा आहे, उन्हापावसात उभाच आहे ना?

गोरेवाड्याचा
भाऊ, कोटा थंड राहते हे तुम्हाले कोणं सांगितलं? माझ्या गच्चीवर कोटाच आहे. मे महिन्यात दुपारी त्याच्यावरबी पाय ठेववत नाही. ऊन तं सगळ्याच दगडाले तापवते. रंग फिका घ्या, जिन्यावर पत्र्याची नाही तं वेलीची सावली करा. दगडाच्या नावानं कायले भांडता!

भूगोल शिकवतो
एक गोष्ट सगळेच गृहीत धरताय. दुकानात काळं ग्रॅनाइट म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतंच. डोलेराइट किंवा गॅब्रो, म्हणजे दुसरेच काळे खडक असतात. खरं ग्रॅनाइट म्हणजे जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालेला शिलारस. म्हणून त्यात क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रकाचे कण डोळ्यांना वेगवेगळे दिसतात. आपलं शहर यासाठी फार देखणं आहे. सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टची, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याची; पूर्वेकडे गेलात की लाव्हा संपून जुने पट्टेदार ‘नाइस’ (gneiss) खडक लागतात; कामठीकडे वालुकाश्म. एका दिवसात स्कूटरवर तीन युगं बघून होतात.
खरेदीला जाताना खिशात लिंबू आणि जुना चाकू न्या. चाकूने सहज ओरखडा उठला किंवा लिंबाचा पांढरा डाग पडला तर तो चुनखडक, कडप्पा वगैरे. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार चाकूच्या पोलादापेक्षा कडक असतात.

धरमपेठची सून
ओट्याबद्दल कोणीच बोलत नाहीये, म्हणून लिहिते. सासूबाईंच्या वेळचा कडप्पा होता. कैरी, चिंच, लिंबू सांडलं की पांढरे डाग, मग खोबरेल चोळत बसा. ग्रॅनाइटवर लिंबू तासभर पडून राहिलं तरी काही होत नाही. पण फिका रंग ओट्याला घेऊ नका, ही कळकळीची विनंती. बहिणीकडे सावजी रश्श्याचं तेल रात्रभर तसंच राहिलं. तो नारिंगी गोल अजून गेला नाही. सीलर मारला नव्हता.

कटरवाल्याचा मुलगा
ग्रॅनाइटच्या बाजूने आणि विरोधात एवढं लिहिलंत, कापणाऱ्याबद्दल एक ओळ नाही. बाबांनी सव्वीस वर्षं कटर चालवला, तोही कोरडा, नाकाला नुसता गमछा बांधून. आता दोन जिने चढले की बसावं लागतं. ग्रॅनाइटच्या धुळीत क्वार्ट्झ असतं, ते फुप्फुसात गेलं की परत निघत नाही. आता फॅशनमध्ये आलेल्या कृत्रिम क्वार्ट्झच्या पाट्यांत तर ते ९० टक्क्यांच्या आसपास असतं. ऑस्ट्रेलियाने त्यावर १ जुलै २०२४ पासून बंदी घातली. दगड कोणताही घ्या, पण पाणी सोडूनच कापायला लावा आणि मिस्त्रीला खरा मास्क आणून द्या. दोनचारशे रुपयांचा प्रश्न आहे.

मानेवाडाकर
हे वाचून गप्प झालो. माझ्या साइटवर कोरडं कापणं आजपासून बंद, ठेकेदाराला फोन करून सांगितलं. ओट्याला गडद ग्रॅनाइट ठरलं. जिन्यासाठी कोटा आणि राखाडी फ्लेम, दोन्हींचा एकेक तुकडा मागवतोय. दुपारी दोन वाजता दोन्हींवर अनवाणी उभा राहीन, मग पाणी ओतून चालेन. काळं पॉलिश मात्र बाहेर लागणार नाही, त्यावर मी ठाम आहे.

साइट इंजिनिअर
फ्लेम घेतलंत तर सांध्यात फट ठेवायला सांगा. तीन मीटरच्या पाटीत ४० अंशांच्या फरकाने जवळपास एक मिलिमीटर वाढ होते. मिस्त्री घट्ट बसवतात, आणि पहिल्याच उन्हाळ्यात कोपरा उचलला जातो.