साठीवर गाडी थरथरते: ऑटोमॅटिकवाल्यांनो, तुमचे अनुभव सांगा

वडकीकर
काल वणीहून येताना करंजीच्या चौफुलीआधी ते पांढरे पट्टे लागले, घर्र घर्र घर्र. मागून मुलगी ओरडली, "बाबा, आपली जुनी गाडी!" तिघंही हसलो. तेव्हा हसू येत नव्हतं.

२०१९ ची गोष्ट. डावा गुडघा कामातून गेला, क्लच दाबणं जमेना, म्हणून नागपूरहून सेकंडहँड ऑटोमॅटिक आणली. टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारी, ८० हजार किलोमीटर पळालेली. हिंगणघाट सोडलं, ५५-६५ चा स्पीड धरला आणि पाय हलका ठेवला की हमखास थरथर, रस्ता गुळगुळीत असला तरी. जोरात दाबलं की बंद, पाय उचलला की बंद. एका गॅरेजवाल्याने गाडी रस्त्यावर न नेता, अंगणातच बोनेट उघडून निकाल दिला, "गिअरबॉक्स गेला, ९० हजार." माझा कापूस तेव्हा घरातच पडून होता.

मग भाच्याने फोनवर टेस्ट सांगितली. रिकामा, सरळ रस्ता बघायचा. थरथर सुरू झाली की ॲक्सिलेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा, मागचा लाइट लागण्यापुरता. लाइट लागला की कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा, सुटतो. थरथर थांबली तर खोट त्या लॉक-अपची, नाही थांबली तर इंजिनाकडे बघायचं.

आता गंमत पाहा. डावा पाय चालत नाही म्हणून ही गाडी घेतली, आणि टेस्टला पाहिजे डावाच पाय. शेवटी स्टिअरिंगवर बायकोला बसवलं. ती माहेरी ट्रॅक्टरवर शिकलेली, डावा पाय पडला की तळापर्यंतच. मी "नुसता स्पर्श" म्हणेपर्यंत गाडी जागेवर उभी, माझं कपाळ डॅशबोर्डवर, अन् मागच्या सीटवरची दह्याची बरणी आडवी. तिसऱ्या खेपेला जमलं. आरपीएमचा काटा जरासा वर सरकला आणि थरथर सुरीने कापल्यासारखी थांबली.

मग गिअरबॉक्सचं ऑइल बदललं, घरीच. निघालं ते काळ्या चहासारखं, करपलेल्या वासाचं. सात लिटर मावतं पण खालून तीनच लिटर निघतं, बाकीचं कन्व्हर्टरात अडकून राहतं. म्हणून तीनदा बदललं, मध्ये दोनतीनशे किलोमीटर चालवून. निघालेलं पाण्याच्या बाटल्यांनी मोजायचं आणि तेवढंच नवं टाकायचं. दुसऱ्या खेपेला थरथर अर्ध्यावर आली, तिसऱ्याला गेली. २०२३ ला गाडी विकली तोवर परत आली नाही.

तुमचं काय झालं?

पांढरं_सोनं
मायी बी अशीच हाले भाऊ. पण ब्रेकले पाय लावला तरी हालतच राहे. चढावर तं बैल अडल्यासारखी. स्कॅनरवर दोन नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर आला, म्हणजे तिथं पेट्रोल बराबर पेटत नव्हतं. त्याची ठिणगी देणारी कॉइल काढून तीन नंबरवर टाकली, मिसफायर बी तीनवर गेला. म्हणजे कॉइलच खराब. प्लग बी बदलले, २२०० मदी मोकळा. गिअरबॉक्सले हात नाही लावला. इकडं पोट्टे म्हणे इकून टाक.

आर्वीची_सून
हाहाहा दह्याची बरणी! वास किती दिवस राहिला ते सांगा आधी.

वडकीकर
पोळ्यापर्यंत. सांडलं होतं मे महिन्यात.

तूर_तेजीत
एएमटीचं बी असंच होते का? मायी पहिल्या गिअरमध्ये उठतानाच थरथरते. साठीवर एकदम लोणी.

घोडीवर_गाडी
तूरभाऊ, एएमटीत कन्व्हर्टर नसतोच. ती मॅन्युअलच गाडी, फक्त क्लच दाबायचं काम मशीन करते. उठताना थरथरते म्हणजे क्लच प्लेट बघा. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलेटरवर गाडी तोलून धरता का? प्लेट बदलली तर स्कॅनर लावून क्लच पुन्हा शिकवून घ्या, नाही तर नवी प्लेट पण झटके देईल. आणि वर सांगितलेलं ऑइल तुमच्या गाडीचं नाही, ओतू नका.

तूर_तेजीत
धरतो ना. रेल्वे पुलाच्या चढावर, रोज. तुम्हाले कसं समजलं?

घोडीवर_गाडी
सगळेच धरतात.

बंडीवाला
आमच्या बंडीले ना कन्व्हर्टर ना लॉक-अप. थरथरली तं समजाचं बैलाले माशी चावली.

मोर्शी_संत्रा
सगळ्यांचं ऑइलवर भागत नाही हो. माझं तीनदा बदलूनही थरथर जशीच्या तशी. मग गिअरबॉक्सखालचा ऑइलचा पॅन उघडला. आत लोखंडाची कीस धरायला चुंबक असतात, त्यांच्यावर करड्या रंगाचा लेप असतोच, तो चालतो. माझ्या चुंबकावर चक्क नखाएवढे तुकडे. कन्व्हर्टर बदलावा लागला, ४२ हजार. चूक माझीच, थरथरती गाडी दीड वर्ष तशीच हाकली. त्याच वर्षी आंबिया बहाराची फळं पण गळाली. पैसा कुठून काढला ते मला माहीत.

आर्वीची_सून
दादा, यंदा गळ कशी आहे? आमच्याकडे झाडाखाली सडाच पडून राहिला आहे.

मोर्शी_संत्रा
ताई, तशीच. पाणी साचू देऊ नका बुडाशी, चर काढा.

चंद्रपूरचं_ऊन
माझ्या गाडीला डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, नाहीच. लेव्हल बघायची तर गाडी सपाट ठेवून, इंजिन चालू ठेवून खालचा बोल्ट उघडायचा, बारीक धार थांबत थेंबांवर आली की लेव्हल बरोबर. अट एकच, तेव्हा ऑइलचं तापमान ३५ ते ४५ पाहिजे. मॅन्युअल लिहिणाऱ्याने मे महिन्यात चंद्रपूर पाहिलेलं नसणार. दुपारी स्कॅनर लावला, गाडी सुरू करायच्या आधीच ऑइल ४४. बोल्ट उघडेपर्यंत ६०. गरम ऑइल फुगते, धार थांबेचना, मी आपला बघत बसलो. फुगलेलं सगळं वाहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डी टाकला, गाडी सेकंद दीड सेकंद जागची हलली नाही. पोटात गोळाच आला. लेव्हल कमी झाली होती, बाकी काही नाही.

मग पहाटे चारला उठलो. ऑइल ३१. टॉर्च तोंडात धरून गाडीखाली, बायको स्कॅनरचा आकडा मोठ्याने वाचते, अडतीस, एकोणचाळीस. शेजारच्या काकू विचारायला आल्या, ताप कोणाला आहे.

पांढरं_सोनं
बाप्पा! चारले उठणं काई मोठं नाही. आमची मोटारीची लाइन तवाच येते.

गडअहेरी
सीव्हीटीवाल्यांनी (गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सचं नेहमीचं लाल ऑइल पाहून भुलू नका. तिचं ऑइल वेगळं, डब्यावर सीव्हीटी लिहिलेलंच पाहिजे. मी दुकानदाराच्या "सगळं एकच असते" वर विश्वास ठेवला. पुढचं विचारू नका.

वडकीकर
अरेरे. किती?

गडअहेरी
विचारू नका म्हटलं ना.

बंडीवाला
निघालेल्या ऑइलचं काय करता? आमचा बुढा म्हणते गोठ्याच्या खांबाले लावू, वाळवी लागत नाही.

घोडीवर_गाडी
गोठा विहिरीजवळ असेल तर अजिबात नको. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या, त्याच्याकडे जळक्या ऑइलचा ड्रम असतो. आणि सगळ्यांना हात जोडून, नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका. विटा पण नको, वीट फुटते. घोडी, म्हणजे जॅक स्टँड, लावा.

वाशीमची_लेक
बाबांची गाडी आहे, ६० वर थरथर. काल समृद्धीवर केली टेस्ट.

घोडीवर_गाडी
ताई, समृद्धीवर नको हो! मागून १२० ने येतात.

वाशीमची_लेक
बरं दादा, चूक झाली. पण ब्रेकला पाय लावताच थांबली, तीनही वेळा. आज पहाटे ऑइल काढायला घेतलं. ड्रेन बोल्ट निघाला, वॉशर पार चपटा झाला आहे. तोच लावू का? बाबा म्हणतात चालते.

वडकीकर
बाबांना नमस्कार सांग आणि नवीन लाव बाई. जुन्याने थेंब थेंब गळत राहील, आणि डिपस्टिक नसेल तर कळणार पण नाही. किती निघालं?

वाशीमची_लेक
तीन बाटल्या आणि वर पेलाभर. काळं कुट्ट. वॉशरचं दुकान दहाला उघडते, तोवर गाडी अंगणात घोडीवर. बाबा खुर्ची टाकून राखण करत बसले आहेत, कुत्रं खाली शिरू नये म्हणून.