मदत हवी आहे: रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ला खर्जातला आवाज हवाय, फटफट नको

गाडी बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांतली), फ्युएल इंजेक्शनची, वॉरंटीत. राहतो इंदूरला, रामबागेत. गल्ली अरुंद, शेजारी म्हातारी माणसं. त्यामुळे फटाके फोडणारा सायलेन्सर नकोच (विजयनगरची पोरं लावतात तसला). फक्त आवाज जरा जाड हवा.

बेंड पाइपला (इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या नळीला) हात लावलेला नाही, ऑक्सिजन सेन्सर जागेवर. मागे स्लिप-ऑन (त्या नळीवर नुसता सरकवून बसवायचा सायलेन्सर) बसवलाय, आत डीबी किलर (आवाज दाबणारी जाळी). आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) झकास वाजतो, पण थ्रॉटल सोडला की फट्-फट् सुरू. जोडावरचं गॅस्केट बदललं, क्लॅम्प आवळला, साबणाचं पाणी मारून पाहिलं, बुडबुडे नाहीत. मीटरवर इंजिनाचा चेक लाइटही नाही.

मेकॅनिक म्हणतो, डीबी किलर काढा. त्याचं काय जातं! १७५ सीसीवरच्या गाड्यांना उत्पादनावेळीच ८० डेसिबलची मर्यादा आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १० हजारांपर्यंत दंड. ईसीयू रिमॅपही (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) वॉरंटीमुळे नको. बजेट पाच-सहा हजार.

मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) झालंय, की जोडातून हवा ओढली जातेय, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि डीबी किलर ठेवून ही फटफट थांबवणं कुणाला जमलंय का?