हरताळ : तो पाळायचा, की ती फासायची?

खोडरबर
जुन्या हस्तलिखितांवरचा एक लेख मराठीत आणतोय. त्यात एक वाक्य आहे, की लेखनिकाने चुकलेल्या अक्षरांवर ऑर्पिमेंटचा हात फिरवलाय आणि त्यावर पुन्हा लिहिलंय. मी सरळ लिहिलं, 'चुकलेल्या ओळीवर हरताळ लावलेली दिसते'. मुद्रितशोधकाकडून परत आलं ते असं : 'चुकलेल्या ओळीत हरताळ पाळलेला दिसतो'. फोन केला तर म्हणे हरताळ म्हणजे बंद, तो पाळतात, लावतात कुठून काढलंत, आणि तुमचं लिंगही चुकलंय. आता मला सांगा, हरताळ हे पिवळं विषारी खनिज आहे हे आज वाचणाऱ्याला कळतं का, की आर्सेनिक ट्रायसल्फाइड लिहून मोकळा होऊ? आणि तो हरताळ की ती?

जुनी शाई
ती. आमची आजी 'केल्यासवरल्यावर हरताळ फासलीस' असंच म्हणायची, आणि तिला बंद वगैरे काही ठाऊक नव्हतं. पोथ्यांमध्ये हा प्रकार मी स्वतः पाहिलाय. पानावर मधेच एखाद्या अक्षरापुरता पिवळा ठिपका, कधी अख्खी अर्धी ओळ, आणि पान जरा तिरकं धरलं की खालचं काळं अक्षर डोकावतं. एका ठिकाणी खाली 'व' होता आणि वर 'च' केला होता, गडी घाईत असणार. थोडक्यात तेव्हाचा व्हाइटनर, फक्त पिवळा.

आडवी रेघ
तो हरताळ. 'तत्त्वांना हरताळ फासला' असंच वाचत आलोय, फासली कधीच नाही. आणि दोन्ही हरताळ एकच आहेत हो. व्यवहारावर हरताळ फासला म्हणजे व्यवहार पुसला, म्हणून बंद. सरळ आहे.

शुद्धमती
सरळ वगैरे काही नाही. बंदवाला हरताळ गुजरातीतून आलाय, हडताळ, म्हणजे हाटाला ताळं. हाट म्हणजे बाजार, ताळं म्हणजे कुलूप. 1919 मध्ये रौलट कायद्याविरुद्ध गांधींनी 6 एप्रिलला हरताळ पुकारला तेव्हा हा शब्द देशभर झाला. खनिजाचा हरताळ संस्कृत हरितालावरून. दोघांची गाठ फक्त उच्चारात पडलीय. माझं तर म्हणणं बंदला 'बंद' म्हणा, कामगारांसाठी 'संप' आहेच, आणि हरताळ खनिजाला परत देऊन टाका.

आडवी रेघ
'बंद' फारसी आहे, एवढंच नम्रपणे सांगतो. आणि गुजरातीत संप म्हणजे एकी, एकोपा. आपण एकी करून काम थांबवलं आणि थांबवण्यालाच संप म्हणायला लागलो. शुद्ध शुद्ध करत बसलात तर तोंड उघडायला शब्द उरणार नाही.

परीक्षानळी
रसायनशास्त्र शिकवते म्हणून मधे पडते. 'हरिताल' म्हटलं की मुलं हिरवं काहीतरी शोधतात, तर संस्कृतात हरि, हरित यांत पिवळाही येतो, हळदीची हरिद्रा त्याच घरची. लॅटिनमध्ये हिला ऑरिपिग्मेंटम म्हणायचे, म्हणजे सोन्याचा रंग, त्याचंच ऑर्पिमेंट झालं. आणि शुद्धमती, 'आर्सेनिक' परका म्हणून नाक मुरडू नका. ग्रीकांनी तो पूर्वेकडून उचललाय, फारसीत झरनीख म्हणजे हरताळच, त्यात झर म्हणजे सोनं, आपल्या जरीतली जर तीच. पारशांच्या धर्मग्रंथातलं, अवेस्तातलं झरन्य आणि आपलं हिरण्य ही सख्खी भावंडं. म्हणजे हरताळ आणि आर्सेनिक खूप मागे गेलं की एकाच अंगणात खेळताना सापडतात.
जाता जाता, पिवळी हरताळ पाण्यात फारशी विरघळत नाही म्हणून कुणी तिला गरीब समजू नये. हवेत तापवली की पांढरा धूर निघतो, तो सोमल, म्हणजे जहाल विष. मनशीळही आर्सेनिक आणि गंधकाचीच, फक्त लाल-नारिंगी.

शुद्धमती
जर-हिरण्य मान्य. नाक सरळ केलं. 'ट्रायसल्फाइड' मात्र अजून टोचतंय.

अर्धविराम
मला वेगळीच गोष्ट खटकतेय आणि कुणी बोललं नाही. पोथीत हरताळ लावायचे ती चुकीवर. बरोबर अक्षरावर कोण लावेल? मग वाक्प्रचारात नेमकं उलटं कसं झालं? आपण हरताळ फासतो ते नियमांना, तत्त्वांना, आश्वासनांना, म्हणजे फक्त चांगल्या गोष्टींना. 'त्याने आपल्या चुकांना हरताळ फासला' असं कुणी म्हणतं का? कानालाच विचित्र लागतं. माझ्या मते सगळी करामत 'फासणे'ची आहे. लेखनिक हरताळ लावायचा, हलक्या हाताने, आपण फासतो, म्हणजे तोंडाला काळं फासल्यासारखं. क्रियापद बदललं आणि दुरुस्तीची नासाडी झाली.

जुनी शाई
हे पटलं. पण आजी चुलत्यांच्या कारभारावरही हरताळ फासायची आणि तो कारभार काही चांगला नव्हता, म्हणजे अपवाद आहे. बाकी पोथीवाले या पिवळ्या रंगावर खूश असायचे ते आणखी एका कारणाने. नेपाळात तर अख्खा कागदच हरताळीने पिवळा करायचे, कसर लागू नये म्हणून. विषाचा उपयोग.

आडवी रेघ
हरताळीने? म्हणजे तुम्ही तिला स्त्रीलिंगी करूनच सोडणार.

खोडरबर
मंडळी, लेख उद्या द्यायचाय. सध्या 'हरताळ नावाचा पिवळा रंग लावलेला दिसतो' असं केलंय, म्हणजे लिंग रंगाच्या गळ्यात आणि 'पाळणे'ची भीती नाही. चालेल?

शुद्धमती
चालेल, पण पळवाट आहे. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, हिला पिंजर, पीतन, ताल, आल अशी नावं दिलीत. पीतन का नाही वापरत? कुणीही पाळणार नाही.

परीक्षानळी
आणि कुणालाही कळणार नाही.

अर्धविराम
पण 'लावलेला' ठेवा हं, कुणी 'फासलेला' करू देऊ नका. त्या बिचाऱ्या लेखनिकाने काही नासवलं नव्हतं.

आडवी रेघ
विषांचा विषय निघालाच आहे तर मोरचूद घ्या. मोर कळला, निळा रंग म्हणून. चूद काय?

परीक्षानळी
मयूरतुत्थ. तुत्थ म्हणजे तेच, कॉपर सल्फेट. तुत्थचं चूद.

जुनी शाई
छे हो, आमच्याकडे मोरचूत म्हणायचे, त-ने. आणि तो नक्की पुल्लिंगी.