नांदूर मध्यमेश्वरसाठी लेन्स: नवी १००-४०० की सेकंडहँड १५०-६००?

कडवाकाठ
मंडळी, कॅनन आर १० कॅमेरा आहे, त्यावर अडॉप्टरने जुनी ५५-२५० मिमी एसटीएम लेन्स लावतो. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात ती तोकडी पडते. दोन पर्याय आहेत: नवी कॅनन आरएफ १००-४००, नाहीतर सेकंडहँड सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी, ईएफ माउंटची (कॅननच्या जुन्या डीएसएलआरसाठीची, तीही अडॉप्टरनेच लागेल). दोन्ही आवाक्यात आहेत. ताजे फोटो टाकतोय.
फोटो १: चापडगावच्या मनोऱ्यावरून उडते चक्रवाक. २५० मिमी, १/६४०, एफ ५.६, आयएसओ १००, सकाळी सव्वादहा.
फोटो २: गंगापूर धरणाजवळ तारेवरचा वेडा राघू. २५० मिमी, १/५००, एफ ५.६, आयएसओ ४००, सकाळी साडेसात.
पहिला एवढा मऊ का आलाय?

पाणकोंबडी
फोटो १ शंभर टक्क्यांवर उघडून बघा. पंखांची टोकं ओढल्यासारखी दिसतात, तो शटर हळू असल्याचा दोष. उडत्या बदकाला १/२००० सेकंदाहून वेगवान हवं. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ४०० ठेवला असता तर त्याच उजेडात १/२५०० मिळालं असतं. स्टॅबिलायझर आपला हात सांभाळतो, पक्ष्याचे पंख नाही.

पण मागे चिखलावर बसलेली थापट्या बदकंही पुसट आहेत, कडा थरथरल्यासारख्या. ती तर हलत नव्हती. हा तापलेल्या हवेचा प्रताप. ऊन चढलं की चिखल आणि पाणी कमीजास्त तापतात, वरची हवा लहरते आणि लांबचं सगळं त्यातून दिसतं. तिथे ६०० लावलीत तर पुसट बदक मोठं दिसेल, बाकी काही नाही. लांबचे फोटो साडेनऊच्या आत उरकावेत. फोटो २ त्याच लेन्सचा आहे ना? राघूच्या डोळ्याची लाली आणि चोचीतल्या माशीचे पंख कसे कोरल्यासारखे आलेत! लेन्सला नावं ठेवू नका. आणि पुढे स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर आधी काढा.

रॉफाईल
हिशेब करू. आर १० चा सेन्सर साधारण २२ मिमी रुंद, फोटो ६००० पिक्सेल. पक्षी ६० मीटरवर असेल तर फ्रेममध्ये २५० ला सव्वापाच मीटर रुंदी मावते, ४०० ला ३.३, ६०० ला २.२. चक्रवाक सुमारे ६५ सेंमी लांब. म्हणजे तो अनुक्रमे ७४०, ११८० आणि १७७० पिक्सेलचा येतो. ऑनलाइन टाकायला ११८० भरपूर. मोठी प्रिंट काढायची असेल तर ६०० चा फरक दिसेल.

उजेडाचं बघा. एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी. १००-४०० लांब टोकाला एफ ८, सिग्मा एफ ६.३. सकाळी सातला जिथे पहिलीला आयएसओ ३२०० लागेल, तिथे दुसरीला २०००. फरक आहे, पण जीव जावा एवढा नाही.

खरा फरक वजनाचा: ६३५ ग्रॅम विरुद्ध १९३० ग्रॅम. मनोऱ्यावर ठाण मांडून कठड्यावर बीनबॅग टेकवणार असाल तर सिग्मा. बांधाबांधाने फिरणार, पावसाळ्यात अंजनेरीवर फुलं-फुलपाखरंही टिपणार, तर डोळे झाकून १००-४००. ती साधारण एक मीटरपर्यंत जवळ फोकस करते, सिग्माला २.८ मीटर लागतात. मात्र कॅनन तिच्यासोबत हूड देत नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि पावसापासून संरक्षणाचं सीलिंगही नाही.

गंगाघाट
सेकंडहँड घेणार असाल तर स्वतःचा कॅमेरा आणि अडॉप्टर घेऊनच जा. अडॉप्टरमध्ये काच नसते, त्यामुळे उजेड घटत नाही. पण आर १० सारख्या मिररलेस बॉडीवर या लेन्सचा फोकस कधीकधी स्थिर पक्ष्यावरही मागेपुढे धडधडतो. ६०० ला २० मीटरवरच्या पाटीवर सर्व्हो (सतत जुळत राहणारा) फोकस धरा आणि मिनिटभर बघा. धडधडला तर फर्मवेअर (लेन्समधलं सॉफ्टवेअर) कोणतं ते विचारा. ते सिग्माच्या यूएसबी डॉकने बदलता येतं, पण बदलून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग दोन्ही झाकणं काढा, मोबाइलचा टॉर्च मागून तिरपा मारा, पुढून बघा. धुळीचे चार कण असले तरी फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ती बुरशी. तिथून सरळ उठा. आपल्याकडे चार महिने बॅगेत पडलेल्या लेन्सला ती हमखास धरते. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्के राहू द्या. ट्रायपॉड कॉलर आणि हूड सिग्मासोबत मूळ येतात, नसतील तर भाव पाडा.

कडवाकाठ
पटलं. माझं फिरणंच जास्त, १००-४०० घेतो. पुढे १.४ एक्स्टेंडर (पल्ला १.४ पट करणारा जोड) लावून ५६० केली तर सिग्माची हौस भागेल का?

रॉफाईल
लागतो, पण एफ ११ होतं. सातला आयएसओ ३२०० चा ६४०० होईल आणि फोकसही रेंगाळेल. उजेड वाढेपर्यंत थांबलात तर पाणकोंबडी म्हणतात ती लहर सुरू होते. एक्स्टेंडरचे पैसे ठेवा. आणि उडत्या पक्ष्यांना इलेक्ट्रॉनिक शटर नको, या सेन्सरवर पंख वाकडे येतात. मेकॅनिकलला सेकंदाला १५ फ्रेम मिळतात, तेवढ्या पुरे.