लेकराचा श्वास बिघडला तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

थंडी पडली की नागपुरात घरोघरी लेकरं खोकायला लागतात. बहुतेक आपसूक बरी होतात. पण ही नुसती सर्दी नाही, आता दवाखाना गाठायचा, हे तुम्हाला कशावरून कळलं? आई-बाबा, आजी, आशाताई, सगळ्यांनी सांगा.

आशाताई, वाठोडा:
खोकला किती मोठा येतो त्यावर जाऊ नका, छाती पाहा. लेकरू शांत असताना झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. तेवढे किंवा जास्त भरले तर न्यूमोनियाचा संशय धरून डॉक्टरांना दाखवा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, तान्ह्याचा श्वास एका लयीत चालत नाही. बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, दूध ओढेना, ओठ निळसर दिसले, तर मोजत बसू नका. थेट मेडिकल नाहीतर मेयो, या मोठ्या सरकारी दवाखान्यांत न्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच माणसांना श्वास मोजून औषध द्यायला शिकवलं आणि न्यूमोनियाचे बालमृत्यू घटले. तुम्हालाही जमेल जी.

धरमपेठेतली आई:
ताई, बरगड्यांचं अगदी तसंच पाहिलं. तान्ही मुलगी, दोन घोट ओढायची, सोडायची, पुन्हा धाप. ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे फुफ्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांची सूज, निघाला. विषाणूचा आजार म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंच नाही. सासूबाईंना ते पटेना. ऑक्सिजन, नाकात सलाइनचे थेंब, थोडंथोडं दूध, यावरच ती सुधारली.

बाबा, नंदनवन:
आमच्याकडे क्रूप, म्हणजे घशात स्वरयंत्राजवळ येणारी सूज. मध्यरात्री कुत्रं भुंकावं तसा खोकला आणि श्वास आत घेताना कर्कश आवाज. रडलं की वाढतो, म्हणून मांडीवर बसवून गोष्ट सांगत नेलं. सूज उतरवणाऱ्या डेक्सामेथासोनचा एक डोस डॉक्टरांनी दिला, काही तासांत आवाज निवळला.

आजी, मानेवाडा:
वर्षाच्या आत मध नको, उकळत्या वाफेचं भांडं लेकराजवळ नको. आणि मनानं कफ सिरप तर नकोच! २०२५ मध्ये विषारी सिरपमुळे छिंदवाड्याकडची लेकरं नागपुरात उपचाराला आणली होती, आठवून अजून जीव तुटतो.

आशाताई, वाठोडा:
आजी, खरं आहे. दोन वर्षांखाली ते द्यायचंच नाही. न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकलची लस दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना, सरकारी केंद्रात फुकट मिळते. कार्ड काढून पाहा, राहिली असेल तर या बुधवारी विचारा.