आयटी सपोर्ट: आधी ए प्लस, सीसीएनए की पॅकेज कोर्स?

नवा_हेल्पडेस्क:
हेल्पडेस्क लेव्हल १ च्या कामाला लागायचं आहे. विंडोज टाकणं, रॅम-एसएसडी बदलणं, प्रिंटर जोडणं येतं. नेटवर्किंग मात्र वरवरचं. सहा महिने आहेत, रोज दोन तास. एका ट्रेनिंग सेंटरवाल्यांनी हार्डवेअर, एमसीएसई (मायक्रोसॉफ्टचं सर्टिफिकेट), सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंगचं), क्लाउड आणि एथिकल हॅकिंग असं सगळं एकाच पॅकेजमध्ये सांगितलंय. घ्यावं का? मशीनला १६ जीबी रॅम आहे.

पॅचकॉर्ड:
पॅकेज सोडा. एमसीएसई आणि तिच्या खालची एमसीएसए, दोन्ही मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२१ मध्येच बंद केल्या. २०२१ नंतर कोणी 'एमसीएसई करून देतो' म्हणत असेल, तर हातात पडणार ते सेंटरचं स्वतःचं प्रमाणपत्र. कुठेही पैसे भरण्याआधी एकच विचारा: परीक्षेचा कोड काय? कोड सांगता आला नाही तर उठून या. सांगितला, तर तो कंपनीच्या साइटवर चालू आहे का ते बघा.

तुमच्यासाठी कॉम्पटिया या संस्थेचं ए प्लस, म्हणजे पीसी सपोर्टचं प्राथमिक सर्टिफिकेट. दोन पेपर आहेत, २२०-१२०१ आणि २२०-१२०२. प्रत्येकी ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न. ९०० पैकी पहिल्याला ६७५ लागतात, दुसऱ्याला ७००. आधीची ११०१/११०२ मालिका सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे जुनी पुस्तकं स्वस्तात मिळाली तरी कोड बघून घ्या. सुरुवातीलाच प्रात्यक्षिकाचे प्रश्न येतात आणि लोक तिथेच अर्धा तास घालवतात. ते फ्लॅग करून पुढे जा, शेवटी परत या.

रात्रपाळी_नॉक:
थोडा असहमत. विंडोज आणि हार्डवेअर येतंय, तर ए प्लसचा निम्मा अभ्यास उजळणीच होईल. जाहिरातींत नावानिशी ए प्लस मागत असतील तर द्या, नाहीतर तोच वेळ नेटवर्किंगला द्या. सीसीएनएचा (२००-३०१) पेपर १२० मिनिटांचा, पण सबनेटिंग (नेटवर्कचे लहान भाग पाडणं) हाताला बसायलाच महिना जातो. /२६ आकाराचा भाग म्हटल्यावर ६४ पत्ते, त्यातले ६२ वापरण्याजोगे, हे कागद न घेता सांगता यायला हवं. सराव पॅकेट ट्रेसरवर (सिस्कोचं नेटवर्क सिम्युलेटर) करा, तो फुकट आहे. राउटर विकत घेत बसू नका. पुढे फक्त डेस्कटॉप सपोर्टच करायचा असेल तर मात्र सीसीएनएची घाई नको, कॉम्पटियाच्याच नेटवर्क प्लसएवढं नेटवर्किंग पुरतं.

मुदतही बघा. ए प्लस आणि सीसीएनए तीन वर्षं चालतात. मुदतीत कॉम्पटियाची वरची सिक्युरिटी प्लस परीक्षा पास झालात तर ए प्लस आपोआप पुढे सरकतं, वेगळी परीक्षा लागत नाही. मायक्रोसॉफ्टचं एमडी-१०२ (कंपनीतले पीसी-मोबाइल सांभाळण्याचं) एकच वर्ष चालतं, पण मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत ऑनलाइन, विनाशुल्क रिन्यू होतं.

तिकीट_क्लोज्ड:
आयटीआयएल ४ फाउंडेशन (आयटी सेवा चालवण्याच्या पद्धतीची परीक्षा) तिकीट-प्रक्रियेची भाषा कळण्यापुरतं ठीक. ४० प्रश्न, २६ बरोबर आले की पास. पण ते नोकरी लागल्यावर, जमल्यास कंपनीच्या खर्चाने. डंप्स (परीक्षेतून फुटलेले प्रश्न) मात्र पाठ करू नका. पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होतं, आणि नाही पकडलं तरी 'पीसीला १६९.२५४ चा आयपी मिळतोय, म्हणजे काय?' या पहिल्याच प्रश्नाला तोंड बंद. (आयपी वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरपर्यंत पोहोचला नाही म्हणून स्वतःच पत्ता घेतला. आधी केबल बघा, मग स्विचचा पोर्ट, मग डीएचसीपी स्कोप, म्हणजे वाटायचे पत्ते, संपले आहेत का ते.)

परीक्षा कुठलीही द्या, लॅब आजच सुरू करा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका पीसीत अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज सर्व्हर (१८० दिवसांची इव्हॅल्युएशन प्रत) आणि विंडोज ११ एंटरप्राइझ (९० दिवसांची), दोन्हींना ४-४ जीबी रॅम. होम आवृत्ती घेऊ नका, ती डोमेनला (एका सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या मशीन-युजरांच्या गटाला) जोडताच येत नाही. सर्व्हरवर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (युजर-पासवर्ड सांभाळणारी सेवा) चढवा, म्हणजे तो डोमेन कंट्रोलर होतो, दहा युजर बनवा, मग पासवर्ड रीसेट, अकाउंट अनलॉक, शेअर फोल्डरच्या परवानग्या. हेल्पडेस्कची रोजची तिकिटं हीच.

नवा_हेल्पडेस्क:
पॅकेज रद्द. लॅब उभी केली, पण क्लायंट (विंडोज ११ चं मशीन) डोमेनला जोडताना 'डोमेन कंट्रोलरशी संपर्क होत नाही' येतंय. दोन्ही मशीनवर आयपी १०.०.२.१५ दिसतो. सर्व्हरला तोच स्टॅटिक करून ठेवलाय.

तिकीट_क्लोज्ड:
नेटवर्क अडॅप्टर 'नॅट' मोडवर आहे. त्यात प्रत्येक व्हीएमला आपापला वेगळा राउटर मिळतो, म्हणून दोघांनाही तोच आयपी येतो आणि एकमेकांना दिसत नाहीत. 'नॅट नेटवर्क' बनवून दोन्ही व्हीएम त्यावर आणा. सर्व्हरला १०.०.२.१०, गेटवे १०.०.२.१, डीएनएस (नावावरून आयपी सांगणारा सर्व्हर) स्वतःचाच.

मग क्लायंटवर डीएनएस हाताने १०.०.२.१० करा. हे राहिलं तर पिंग जाईल पण जॉइन होणार नाही, कारण क्लायंट डोमेन कंट्रोलर शोधतो तो डीएनएसमधल्या एसआरव्ही (कोणती सेवा कुठल्या सर्व्हरवर ते सांगणाऱ्या) नोंदींवरून, आणि बाहेरच्या डीएनएसला तुमचं डोमेन माहीतच नसतं. एनएसलुकअप कमांडने डोमेनचं नाव विचारा, १०.०.२.१० आलं की जॉइन करा. तरीही अडलं तर दोन्हींची घड्याळं बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला की कर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख तपासणारी पद्धत) लॉगिन नाकारतं.

नवा_हेल्पडेस्क:
डीएनएसच होता. जोडला गेला. आता एका युजरचं अकाउंट मुद्दाम लॉक करून बघतो.